धावपट्टीवरील विमानाचे बाह्य दिवे : एका संकेतव्यवस्थेच्या जडणघडणीचा ऐतिहासिक अभ्यास (१९१९ ते २०२४)

प्रस्तावना :

विमान अपघात म्हटला की सामान्यतः आकाशातून कोसळणारे विमान नजरेसमोर येते. तथापि नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासातील सर्वाधिक प्राणहानी करणारा अपघात आकाशात घडलेला नाही. तो धावपट्टीवर घडला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे दाट धुक्यात केएलएम आणि पॅन अमेरिकन या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर परस्परांवर आदळली व ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर विमाने अधिक सुरक्षित झाली, रडार सुधारले, संगणक आले. तरीही २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर एका विमानाने धावपट्टीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाला मागून धडक दिलीच.

अशा दुर्घटनांची कारणे बहुधा अनेक असतात. संभाषणातील गैरसमज, नियंत्रकाची विस्मृती, चुकीचे वळण, नादुरुस्त उपकरण यांपैकी एक वा अनेक दुवे तेथे निखळलेले दिसतात. सर्व दुवे निखळल्यावर अखेरचा आधार उरतो तो वैमानिकाच्या डोळ्यांचा. समोरच्या धावपट्टीवर कोणी उभे आहे हे त्याला दिसले तर तो विमान पुन्हा वर उचलू शकतो. रात्री हे दिसणे सर्वस्वी उभ्या असलेल्या विमानाच्या दिव्यांवर अवलंबून असते. म्हणूनच जमिनीवर असताना विमानाने कोणते दिवे केव्हा लावावेत हा वरकरणी किरकोळ वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात जीवनमरणाचा ठरतो. या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

बीजसंज्ञा : धावपट्टी, बाह्य दिवे, स्ट्रोब, संकेतव्यवस्था, विमानतळ सुरक्षितता.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) विमानाच्या बाह्य दिव्यांसंबंधीच्या नियमांचा उगम व विकास समजून घेणे.
२) जमिनीवरील वापराच्या संदर्भात या नियमांत राहिलेली उणीव स्पष्ट करणे.
३) १९९१ च्या लॉस एंजेलिस दुर्घटनेनंतर झालेल्या बदलांचे स्वरूप व मर्यादा तपासणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. आंतरराष्ट्रीय करार, विमान वाहतुकीचे नियम व अपघात-चौकशीचे प्रकाशित निष्कर्ष ही या विवेचनाची मुख्य सामग्री होय. विवेचनाचा भर अमेरिकेतील घडामोडींवर आहे. कारण जमिनीवरील दिव्यांच्या वापराचा प्रश्न तेथेच सर्वाधिक सविस्तर चर्चिला गेला. भारतीय संदर्भ जेथे प्रत्यक्ष संबंध येतो तेथे घेतला आहे.

सागरी परंपरेचा वारसा :

विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा आणि शेपटीकडे पांढरा दिवा असतो. ही रचना विमानविद्येची निर्मिती नव्हे. ती समुद्रावरून आली. वाफेवर चालणाऱ्या जहाजांची संख्या वाढल्यावर रात्रीच्या टकरी टाळण्यासाठी ब्रिटनने १८४८ साली अशा जहाजांना डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा व डोलकाठीवर पांढरा दिवा बंधनकारक केला. तांबडा दिसला तर जहाजाची डावी बाजू आपल्याकडे आहे, हिरवा दिसला तर उजवी, असा साधा हिशेब त्यामागे होता.

पहिल्या महायुद्धानंतर १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे हवाई वाहतुकीच्या नियमनाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या ‘ड’ परिशिष्टात दिवे व संकेत यांचे नियम होते. जहाजांची तांबड्या-हिरव्याची पद्धत जवळजवळ तशीच विमानांना लागू झाली. जहाजाचा बाजूचा दिवा समोरून ११२.५ अंशांपर्यंत दिसतो, तर विमानाचा ११० अंशांपर्यंत. उरलेला मागचा १४० अंशांचा भाग शेपटीच्या पांढऱ्या दिव्याचा. वारसा किती थेट आहे हे या आकड्यांच्या जवळिकीवरूनच लक्षात यावे.

या वारशाबरोबर एक गृहीतकही आले. समुद्र मोकळा असतो, काळोखा असतो आणि जहाजे गतिमान असतात. काळोख्या पार्श्वभूमीवर सरकणारा रंगीत दिवा सहज नजरेत भरतो व त्याची दिशाही कळते. आकाशातील विमानालाही हे वर्णन लागू पडते. विमानतळाला मात्र ते लागू पडत नाही. तेथे काळोख नसतो. शेकडो दिव्यांचे जाळे पसरलेले असते. धावपट्टीच्या कडांना व मध्यरेषेवर पांढरे, उपमार्गांच्या म्हणजे टॅक्सी-वेच्या कडांना निळे व मध्यरेषेवर हिरवे, धावपट्टीच्या अखेरीस तांबडे दिवे असतात. शिवाय येथे विमान पुष्कळदा स्थिर उभे असते. धावपट्टीच्या मध्यरेषेवर पाठ करून उभ्या असलेल्या विमानाचे तांबडे व हिरवे दिवे मागून येणाऱ्यास दिसतच नाहीत. दिसतो तो केवळ शेपटीचा पांढरा दिवा, आणि तोही मध्यरेषेच्या पांढऱ्या दिव्यांच्या ओळीतच मिसळून गेलेला. खुल्या समुद्रासाठी आखलेली व्यवस्था गजबजलेल्या विमानतळावर कशी अपुरी पडते हे येथे दिसते.

रात्रीची वाहतूक आणि जमिनीवरील गर्दी :

आरंभीच्या काळात ही उणीव जाणवली नाही, कारण रात्रीची वाहतूकच तुरळक होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले तो सर्व प्रवास दिवसाउजेडी झाला होता. रात्री अनेक विमाने एकाच ठिकाणी जमण्याचा योग भारतात आला तो स्वातंत्र्यानंतर. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली आणि तिचे केंद्र नागपूर ठरले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास येत, टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि विमाने पुन्हा आपापल्या शहरांकडे उडत. देशाचा मध्यबिंदू म्हणून नागपूरची निवड झाली असली तरी रात्रीच्या वाहतुकीत जमिनीवरील हालचाल हा उड्डाणाइतकाच महत्त्वाचा भाग ठरणार, याचेही हे एक आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

जगभर हीच प्रक्रिया घडत होती. ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना (इकाओ) उदयास आली व १९४८ साली तिने हवाई नियमांचे दुसरे परिशिष्ट स्वीकारले. या परिशिष्टाच्या प्रचलित स्वरूपात जमिनीवरील दिव्यांचा स्वतंत्र विचार आढळतो. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात हालचालीच्या क्षेत्रातील विमानाने आपला मार्ग दर्शविणारे व लक्ष वेधून घेणारे दिवे लावावेत, तसेच इंजिने चालू असतील तर ते दर्शविणारा दिवा लावावा, अशी अपेक्षा त्यात आहे. इंजिन चालू असल्याचे दिव्याने सांगावे ही कल्पना महत्त्वाची आहे. कारण येथे दिवा ‘मी येथे आहे’ एवढेच सांगत नाही. ‘माझी स्थिती अशी आहे, जवळ येऊ नका’ असेही सांगतो. दिवा केवळ खूण न राहता संकेत होऊ लागला.

दिव्यांचे प्रकार व त्यांचे प्रघात :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रवासी विमानावर अनेक प्रकारचे दिवे आले. पंखांच्या टोकांचे व शेपटीचे दिशादर्शक दिवे. धडाच्या वर व खाली लुकलुकणारा तांबडा बीकन. पंखांच्या टोकांवरील प्रखर पांढरे स्ट्रोब. नाकाच्या चाकाजवळचा टॅक्सी लाइट. उतरताना वापरावयाचे लँडिंग लाइट. आणि शेपटीवरील कंपनीचे चिन्ह उजळविणारे लोगो लाइट. स्ट्रोबच्या मुळाशी असलेले विद्युत-झोताचे तंत्र मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात छायाचित्रणासाठी विकसित केले होते. ऑगस्ट १९७१ पासून अमेरिकेच्या नियमांत टक्करविरोधी दिवा तांबडा वा पांढरा असण्यास मुभा मिळाली. प्रचलित मानकांनुसार नव्या रचनेच्या विमानांत या दिव्याची तीव्रता क्षितिजालगतच्या कोनांत किमान ४०० कँडेला असावी लागते व त्याची लुकलुक मिनिटाला ४० ते १०० वेळा व्हावी लागते.

साधने वाढली, परंतु ती जमिनीवर केव्हा वापरावयाची हे बहुतांशी प्रघातावर सोडले गेले. इंजिन सुरू करण्यापूर्वी बीकन लावणे हा संकेत सर्वत्र रुळला. त्यामुळे विमानाभोवती काम करणारे कर्मचारी सावध होतात व इंजिने थांबून बीकन विझेपर्यंत जवळ जात नाहीत. स्ट्रोबच्या बाबतीत मात्र प्रघात वेगळा पडला. त्याचा लखलखाट जवळच्यांच्या डोळ्यांवर येतो, म्हणून तो जमिनीवर बंद ठेवून उड्डाणाची अनुमती मिळाल्यावरच लावणे शिष्टसंमत मानले गेले. लँडिंग लाइटही उशिरा लावले जात. कारण जुन्या तारेच्या दिव्यांना उड्डाणातील वाऱ्याने थंडावा मिळतो, जमिनीवर ते तापून त्यांचे आयुष्य घटते. हे सर्व प्रघात आपापल्या जागी समंजस होते. त्यांचा एकत्रित परिणाम मात्र असा झाला, की विमान धावपट्टीवर अनुमतीची वाट पाहत उभे असते, म्हणजे त्याला सर्वाधिक धोका असतो, नेमके तेव्हाच त्याचे सर्वांत प्रखर दिवे विझलेले असत.

लॉस एंजेलिस, १ फेब्रुवारी १९९१ :

१९९० हे वर्ष अमेरिकेत इशाऱ्याचे ठरले. १८ जानेवारी १९९० रोजी अटलांटा येथे उतरलेले बोइंग ७२७ धावपट्टी सोडून बाहेर न पडलेल्या एका लहान विमानावर आदळले व लहान विमानाचा वैमानिक ठार झाला. ३ डिसेंबर १९९० रोजी डेट्रॉइट येथे धुक्यात वाट चुकलेले डीसी-९ विमान चालू धावपट्टीवर आले. उड्डाणासाठी धावणाऱ्या बोइंग ७२७ ने त्याला धडक दिली व आठ जण मृत्युमुखी पडले. पहिली घटना सूर्यास्तानंतरची, दुसरी धुक्यातील. दृष्टीचा प्रश्न दोन्हींत होता.

तथापि दिव्यांचा प्रश्न निर्विवादपणे पुढे आला तो १ फेब्रुवारी १९९१ च्या लॉस एंजेलिस येथील दुर्घटनेत. त्या सायंकाळी स्कायवेस्ट कंपनीच्या मेट्रोलायनर या लहान विमानाला धावपट्टी क्र. २४ डावी हिच्यावर एका छेदमार्गावरून येऊन थांबण्यास सांगण्यात आले. त्यात दहा प्रवासी व दोन वैमानिक होते. विमान सुमारे दोन मिनिटे धावपट्टीवर उभे राहिले. या अवधीत नियंत्रकाचे लक्ष दुसऱ्या एका विमानाच्या गोंधळाकडे वेधले गेले, मेट्रोलायनर धावपट्टीवर असल्याचे तिच्या ध्यानातून निसटले आणि त्याच धावपट्टीवर यूएसएअरच्या बोइंग ७३७ ला उतरण्याची अनुमती दिली गेली. जमिनीवरील हालचाल टिपणारे रडार त्या दिवशी बंद होते. त्या छेदमार्गाकडे पाहताना प्रांगणातील दिव्यांच्या झळाळीमुळे मनोऱ्यातून लहान विमान ओळखणे कठीण जात असे.

हवामान स्वच्छ होते. मागून येणाऱ्या वैमानिकांसमोर धावपट्टी मोकळी दिसत होती. ७३७ ची मागची चाके टेकली, नाक खाली येऊ लागले आणि तेव्हा कोठे समोरचे विमान दिसले. टक्कर टळणे अशक्य होते. लहान विमानातील बाराही जण व मोठ्या विमानातील २३ जण, असे एकूण ३५ मृत्यू झाले. ७३७ मधील अनेकांचा मृत्यू धडकेने नव्हे, तर आगीच्या धुराने झाला.

मेट्रोलायनर अंधारात उभे नव्हते, हा येथील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. त्याचे दिशादर्शक दिवे व बीकन चालू होते. कायद्याने जे लावावयास हवे ते लावलेले होते. स्ट्रोब मात्र बंद होते, कारण उड्डाणाची अनुमती अद्याप मिळाली नव्हती. तेव्हाचा प्रघातच तसा होता. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या चौकशीत मध्यरेषेवर उभे असलेले असे विमान मागून येणाऱ्यास धावपट्टीच्या दिव्यांतून वेगळे ओळखू येणे कठीण होते, असे दिसून आले. म्हणजे नियम मोडल्यामुळे नव्हे, तर नियम व प्रघात दोन्ही पाळूनही ते विमान अदृश्य राहिले.

मंडळाने नियंत्रण-पद्धतीतील दोषांवर मुख्य ठपका ठेवला. त्याबरोबरच दिव्यांविषयी ठोस शिफारशी केल्या. धावपट्टीवर उभ्या विमानाचा टक्करविरोधी दिवा उतरणाऱ्या वैमानिकास स्पष्ट दिसेल अशी मानके ठरवावीत. रात्री व अंधूक दृश्यतेत जमिनीवरील विमाने ठळक दिसावीत यासाठी स्ट्रोबचा जमिनीवर वापर करणे किंवा विमान मध्यरेषेपासून किंचित बाजूला उभे करणे यांसारख्या उपायांचा विचार व्हावा. तसेच विमानतळांवरील झळाळीची तपासणी व्हावी, असे त्यांचे स्वरूप होते. ‘बाजूला उभे करणे’ ही शिफारस विशेष बोलकी आहे. दिव्याची प्रखरता न वाढविता केवळ ओळीतून बाहेर पडल्यानेही विमान दिसू शकते, हे तीत मान्य केलेले आहे.

प्रघाताकडून संकेतव्यवस्थेकडे :

या शिफारशी व्यवहारात उतरण्यास काळ लागला. दरम्यान ८ ऑक्टोबर २००१ रोजी इटलीत मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर धुक्यात एसएएस कंपनीचे एमडी-८७ व एक लहान जेट विमान यांची टक्कर होऊन ११८ जण मृत्युमुखी पडले. त्या दशकात धावपट्टीवरील अनधिकृत प्रवेश हा जागतिक चिंतेचा विषय बनला. इकाओने २००७ साली याच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने सल्लागार परिपत्रकांतून व वैमानिकांच्या माहिती-पुस्तिकेतून दिव्यांच्या वापराचा क्रम निश्चित केला. तो पुढीलप्रमाणे आहे.

१) इंजिन सुरू करण्यापूर्वी बीकन लावावा.
२) विमान हलविण्यापूर्वी दिशादर्शक दिवे, टक्करविरोधी दिवे व असल्यास लोगो लाइट लावावेत.
३) विमान चालू असताना वा चालू लागण्याच्या बेतात असताना टॅक्सी लाइट लावावा, थांबल्यावर किंवा दुसऱ्यास वाट देताना तो बंद करावा.
४) कोणतीही धावपट्टी ओलांडताना, इतरांना इजा होणार नसेल तर, सर्व बाह्य दिवे लावावेत.
५) उड्डाणासाठी धावपट्टीवर येऊन उभे राहताना लँडिंग लाइट वगळता सर्व दिवे लावावेत.
६) उड्डाणाची अनुमती मिळाल्यावर लँडिंग लाइट लावावेत.

हा क्रम बारकाईने पाहिला असता त्यात एक भाषा दिसते. बीकन म्हणजे ‘इंजिने जिवंत आहेत’. टॅक्सी लाइट म्हणजे ‘मी चाललो आहे’, तो विझणे म्हणजे ‘तुम्ही पुढे जा’. स्ट्रोब म्हणजे ‘मी धावपट्टीवर आहे’. लँडिंग लाइट म्हणजे ‘मी निघालो’. पाचव्या व सहाव्या नियमांतील फरक या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. धावपट्टीवर आल्याबरोबर लँडिंग लाइटही लावले असते तर विमान अधिक दिसले असते हे खरे. परंतु मग ‘उभा आहे’ आणि ‘सुटला आहे’ यांतील भेद पाहणाऱ्यास कळला नसता. येथे उजेडापेक्षा अर्थाला अधिक महत्त्व दिले गेले. दुसरीकडे, स्ट्रोबचा अर्थ बदलला. १९९१ पूर्वी तो उड्डाणाच्या अनुमतीशी जोडलेला होता. आता तो धावपट्टीवरील प्रवेशाशी जोडला गेला. लॉस एंजेलिसच्या ३५ मृत्यूंनी स्ट्रोबच्या कळेची वेळ दोन मिनिटे अलीकडे आणली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

शब्दांच्या बाबतीतही अशीच सुधारणा झाली. धावपट्टीवर येऊन थांबण्याच्या आज्ञेसाठी अमेरिकेत वेगळा वाक्प्रयोग रूढ होता. ३० सप्टेंबर २०१० पासून तेथे इकाओचा ‘लाइन अप अँड वेट’ हा वाक्प्रयोग स्वीकारण्यात आला. बोललेला संकेत जगभर एकच असावा हे मान्य झाले. दिव्यांचा संकेत मात्र तितक्या काटेकोरपणे एकरूप झाला नाही.

प्रखरतेची मर्यादा :

सर्व दिवे सतत लावून ठेवावेत, म्हणजे प्रश्न मिटेल, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो टिकत नाही. अंधाराला सरावलेली दृष्टी प्रखर प्रकाशाने क्षणात बिघडते व पूर्ववत होण्यास अर्ध्या तासापर्यंत वेळ लागू शकतो. समोरून टॅक्सी करीत येणाऱ्या विमानाच्या लँडिंग लाइटने डोळे दिपलेला वैमानिक पुढच्या क्षणी उपमार्गावरील खूण चुकण्याची शक्यता असते. विमाने ढकलणारे व मार्ग दाखविणारे कर्मचारी तर या झोताच्या अगदी समोर उभे असतात. म्हणूनच इकाओच्या परिशिष्टात लुकलुकणारे दिवे बाहेरील व्यक्तीस अपायकारक रीत्या दिपवीत असतील तर ते बंद वा मंद करण्याची मुभा आहे. अमेरिकेच्या नियमांतही सुरक्षिततेच्या हितासाठी टक्करविरोधी दिवे बंद करण्याचा अधिकार प्रमुख वैमानिकास दिलेला आहे. शिवाय सर्वच विमाने सर्वच दिवे लावू लागली तर कोणताच दिवा काही सांगणार नाही. संकेताला अर्थ येतो तो त्याच्या नसण्यामुळेही.

दाट धुक्यात तर दिव्याची शक्तीच मर्यादित होते. टेनेरिफ येथे पॅन अमेरिकनच्या वैमानिकांनी धुक्यातून आपल्याकडे येणारे केएलएम विमानाचे दिवे पाहिले होते व आपले विमान धावपट्टीबाहेर वळविण्याचा प्रयत्नही केला होता. दिवे दिसले, पण वेळ उरली नव्हती.

दोन अलीकडील घटना :

दिवा संकेत म्हणून कसा उपयोगी पडतो याचे उदाहरण ७ जुलै २०१७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे मिळाले. मध्यरात्रीपूर्वी काही मिनिटे एअर कॅनडाचे १४० जणांना घेऊन येणारे एअरबस ए-३२० विमान धावपट्टीऐवजी शेजारच्या उपमार्गाच्या दिशेने उतरू लागले. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक त्या रात्री बंद होती व तिचे दिवे मालवलेले होते; त्यामुळे उजवीकडची धावपट्टी ही डावीकडची आणि उपमार्ग ही उजवीकडची धावपट्टी, असा वैमानिकांचा समज झाला. त्या उपमार्गावर चार प्रवासी विमाने उड्डाणाची वाट पाहत रांगेत उभी होती. पहिल्या विमानातील वैमानिकाने बिनतारी संदेशावरून शंका व्यक्त केली. दुसऱ्या, फिलिपाइन एअरलाइन्सच्या विमानातील वैमानिकांनी आपले लँडिंग लाइट लावले. एअर कॅनडाचे विमान जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत खाली येऊन वर उचलले गेले. जमिनीवरील विमानाने नियमपुस्तिकेत नसलेल्या क्षणी लावलेला दिवा हा येथे सावधगिरीचा हाकारा ठरला.

हानेडाची घटना मात्र उलट दिशेची. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपातील पीडितांसाठी मदत घेऊन जाणारे जपानी तटरक्षक दलाचे विमान २ जानेवारीच्या सायंकाळी थांब्याच्या जागी न थांबता धावपट्टीवर आले व सुमारे ४० सेकंद तेथे उभे राहिले. मागून जपान एअरलाइन्सचे एअरबस ए-३५० उतरले. त्याच्या वैमानिकांना धावपट्टीवरील विमान वेळेत दिसले नाही. मनोऱ्यातील पडद्यावर उमटलेल्या इशाऱ्याकडेही लक्ष गेले नाही. तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले. मोठ्या विमानातील सर्व ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडू शकले, हे कर्मचाऱ्यांच्या शिस्तीचे फळ होय. लॉस एंजेलिस व हानेडा यांतील साम्य डोळ्यांत भरणारे आहे : स्वच्छ हवा, सूर्यास्तानंतरची वेळ, धावपट्टीवर पाठ करून उभे असलेले लहान विमान आणि मागून उतरणारे मोठे विमान. तेहतीस वर्षांच्या अंतरानेही ही रचना तितकीच घातक राहिली.

लॉस एंजेलिसनंतर अमेरिकेत आणखी एक मार्ग चोखाळला गेला. डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर २००५ मध्ये धावपट्टी व्यापलेली असताना आपोआप तांबडे होणारे, जमिनीत बसविलेले दिवे प्रायोगिक तत्त्वावर वापरात आले व पुढे ते अन्य प्रमुख विमानतळांवर बसविले गेले. यंत्रणेने स्वतः सांगावे, केवळ माणसाच्या नजरेवर विसंबू नये, हे त्यामागील तत्त्व होय. तथापि ही व्यवस्था खर्चिक असल्याने ती सर्वत्र नाही. जेथे ती नाही तेथे विमानाचे स्वतःचे दिवे हाच आधार आहे.

भारतीय संदर्भ :

भारतात इकाओच्या दुसऱ्या परिशिष्टावर आधारित हवाई नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या आवश्यकतांत समाविष्ट आहेत. प्रश्नाचे गांभीर्य मुंबईच्या उदाहरणावरून लक्षात येते. तेथील दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात, त्यामुळे वाहतूक बहुतांशी एका वेळी एकाच धावपट्टीवर चालते. डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात एक हजारांहून अधिक उड्डाणे व अवतरणे तेथे हाताळली गेली. दोन विमानांमधील अंतर अशा ठिकाणी मिनिटांत नव्हे, सेकंदांत मोजावे लागते. ८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच त्याच धावपट्टीवर दुसरे विमान उतरले. ही घटना दिव्यांच्या अभावाने घडलेली नव्हती. परंतु दोन विमाने एकाच धावपट्टीवर येणे ही दूरदेशीची गोष्ट नव्हे, एवढे तिने दाखवून दिले.

निष्कर्ष :

१) विमानाच्या बाह्य दिव्यांची मूळ रचना सागरी नियमांतून आली. ती मोकळ्या व काळोख्या अवकाशासाठी होती. दिव्यांनी भरलेल्या धावपट्टीवर स्थिर उभ्या विमानासाठी ती पुरेशी नव्हती.

२) १९९१ च्या लॉस एंजेलिस दुर्घटनेत दिवे नव्हते असे नाही, त्यांना पार्श्वभूमीपासून वेगळेपण नव्हते. सर्वाधिक धोक्याच्या क्षणी सर्वांत प्रखर दिवे बंद ठेवण्याचा प्रघात त्यास साह्यभूत ठरला.

३) त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचनांनी दिव्यांना स्थितीदर्शक संकेताचे रूप दिले. त्यांचे खरे मोल प्रखरतेत नसून सर्वांनी एकाच अर्थाने वापरण्यात आहे.

४) या सूचना बहुतांशी सल्लावजा आहेत. एका आंतरराष्ट्रीय विमानतळावर अनेक देशांचे वैमानिक एकाच धावपट्टीचा वापर करतात. एका कंपनीत जो दिवा ‘उभा आहे’ असे सांगतो तोच दुसरीत ‘निघालो’ असे सांगू लागला, तर संकेत दिशाभूल करील. बोलीच्या संकेतांना जी एकरूपता लाभली तीच दिव्यांच्या संकेतांनाही आंतरराष्ट्रीय नियमाद्वारे मिळणे आवश्यक आहे.

५) दिवे हा नियंत्रण, संभाषण व यंत्रणा यांना पर्याय नव्हे. परंतु ती सर्व एकाच वेळी अपयशी ठरू शकतात, हे १९९१ व २०२४ या दोन्ही वर्षांनी दाखविले आहे. तशा वेळी उतरणाऱ्या वैमानिकाच्या नजरेला जे दिसेल तेवढेच उरते. त्या नजरेला काय दाखवावयाचे हे मात्र धावपट्टीवर उभ्या असलेल्या वैमानिकाच्या हाती असते. आणि ते त्याच्या वैयक्तिक सवयीवर किंवा कंपनीच्या प्रघातावर सोडण्याइतके किरकोळ नाही.